नाकारलेले प्यादे

एका राज्यात संध्याकाळ अडकून पडली होती. सूर्य डोंगराच्या काठावर टेकलेला, तो काही केल्या बुडेना. गाई अर्ध्या वाटेत थबकलेल्या, कमळे अर्धी मिटलेली, आणि माणसे जांभया देत हिंडत, पण झोप म्हणून कुणाला येईना. हे सारे घडले ते कुहकनाथ नावाचा मांत्रिक राजवाड्यात पाहुणा म्हणून उतरल्यापासून. पाहुणा आला तो आलाच, जायचे नाव काढीना.

त्या राज्याची रीत मोठी गोड होती. पहिला मान पाहुण्याचा, आणि कुणी काही पुढे केले तर नाही म्हणायचे नाही. कुहकनाथाने ती रीत ओळखली आणि अंगणात बुद्धिबळाचा पट मांडला. पांढरी मोहरी त्याची, कारण पहिली चाल पाहुण्याची. "मला हरवा, मी निघून जाईन. हराल तर माझ्या पटावर दगड होऊन राहाल," असे तो म्हणे. एकेक वीर काळ्या मोहऱ्यांच्या मागे बसला, हरला आणि स्वतःच काळे मोहरे झाला. शेवटी बसला युवराज वज्रबाहू. तोही हरला. आता तो वजिराच्या बाजूच्या कोपऱ्यात काळा हत्ती होऊन उभा होता, आणि पुढच्या डावात तो मारला गेला तर त्याची माती होणार होती.

त्याची बहीण शर्वाणी हत्तीच्या थंड दगडाला गाल लावून रडत होती. कोटाच्या भिंतीवरून एक मैना खाली उतरली.

"रडून काय होते?" मैना म्हणाली. "मी सारे डाव पाहिले. सगळे एकाच रीतीने मेले, राजकन्ये. शिष्टाचाराने!"

"कसे ते सांग."

"तो मधल्या प्याद्यांना हातच लावत नाही. कडेच्या घोड्यापुढचे प्यादे दोन घरे ढकलतो आणि म्हणतो, घ्या. आपला माणूस उंट धाडून ते घेतो. मग तो दुसरे प्यादे पुढे करतो. आपला माणूस मधले प्यादे हलवून तेही घेतो. झाले! मधली वाट उघडी पडते, आणि त्याचा उंट तिरका येऊन कोपऱ्यातला हत्ती उचलतो."

"म्हणजे घेतले नाही तर?"

"ते करून पाहणारा अजून या राज्यात जन्मला नाही," मैना म्हणाली आणि पिसे साफ करू लागली.

शर्वाणी नाही म्हणायला शिकायला निघाली. हसू नका, तिला ते डोंगर उचलण्याइतके जड होते. माळ्याने चाफा पुढे केला. तिने ओठ उघडले आणि फूल घेऊन बसली. दाईने खिरीची वाटी पुढे केली. तिने मान हलवली खरी, पण वाटी रिकामी झाली. तिसऱ्यांदा तळ्यातल्या मगरीने तिला मोती देऊ केला. मगर बोलली याचे तिला नवल वाटले नाही. "नको," ती म्हणाली. शब्द बाहेर आला होता.

मग ती पटावर बसली. म्हातारा राजा धवलसेन सिंहासनावरून पाहत होता.

कुहकनाथाने घोड्यापुढचे प्यादे दोन घरे पुढे केले. शर्वाणीने वजिरापुढचे प्यादे दोन घरे चालवून पटाचा मध्य धरला. मांत्रिकाने मोकळ्या झालेल्या घरात उंट आणून बसवला. त्याची तिरकी नजर मधल्या प्याद्यावर, आणि त्याच्या पलीकडे वज्रबाहूवर.

"माझे प्यादे उघडे आहे, राजकन्ये. घ्यावे."

"नको."

अंगणात कुणीतरी हुंदका दिला. राजा उठून उभा राहिला. "पोरी! आपल्या घरात असे बोलत नाहीत. घे ते."

"आबासाहेब, आपले घर राहावे म्हणूनच बोलते," ती म्हणाली. बापापुढे ती आजवर कधी वर मान करून बोलली नव्हती, आणि तिला आत्ताच पळून जावेसे वाटत होते. पण तिने उंटापुढचे एक साधे प्यादे एक घर सरकवून मधल्या प्याद्याला पाठबळ दिले.

कुहकनाथाने कडेचे प्यादे एक घर पुढे केले आणि न घेतलेल्या खाऊच्या मागे पहारा बसवला. शर्वाणीने राजापुढचे प्यादे दोन घरे चालवले. आता तिची दोन प्यादी मध्यात खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

मांत्रिकाने दुसरे प्यादे पुढे केले. "हे तरी घ्यावे. पाहुण्याचा असा अपमान?"

"नको," ती म्हणाली, आणि राजाच्या बाजूचा आपला उंट बाहेर काढला. तो पांढऱ्या राजाच्या दाराकडे तिरकी नजर रोखून बसला.

कुहकनाथाचा चेहरा काळवंडला. इतकी वर्षे त्याने देण्याचे नाटक केले होते. न घेणाऱ्यापुढे काय करावे हे त्याला ठाऊकच नव्हते. रागाच्या भरात त्याने आपल्या राजाशेजारच्या उंटापुढचे प्यादेही दोन घरे ढकलले. "मग हे घे! हे घे म्हणतो ना!"

त्याच प्याद्याच्या आडोशाला त्याचा राजा होता, आणि तो आता उघडा पडला. शर्वाणीने ते पाहिले. प्याद्याकडे तिने ढुंकूनही बघितले नाही. तिचा वजीर तिरका धावत पटाच्या काठापर्यंत गेला.

"शह," ती म्हणाली.

पांढरा राजा एक घर बाजूला सरकला. त्याला तेवढेच घर होते. वजीर राजाच्या दाराशी जाऊन उभा राहिला, आणि मागून काळा उंट वजिराला राखत होता.

"मात."

कुहकनाथाने पट तसाच सोडला. तो उठला तेव्हा एखाद्या सामान्य म्हाताऱ्यासारखा दिसत होता. वेशीपर्यंत सगळ्यांनी त्याला जाताना पाहिले. आणि सूर्य डोंगराआड बुडाला. गाई हंबरत गोठ्यांकडे धावल्या, कमळे मिटली. पटावरचे काळे दगड हलले, खोकले, अंग झटकून माणसे झाले.

वज्रबाहू गुडघ्यांवर बसला होता. शर्वाणीने त्याला मिठी मारली. तो उबदार होता.

"माझ्यावेळी त्याने तेच प्यादे दिले होते," तो खालच्या आवाजात म्हणाला. "हा सापळा आहे हे मला कळले होते गं. पण आबासाहेब बघत होते."

राजा धवलसेन सिंहासनाच्या पायऱ्या उतरून आला. मग त्याने मुकुट काढून खाली ठेवला आणि अंगणातच, मुलाच्या पायाशी, रडत बसला.

त्या घरावरचा शाप असा उतरला. ज्याच्या त्याच्या घरावरचा असाच उतरो.