सगू उतरली ती वाट

ही समोरच्या सोंडेवरून उतरणारी वाट बघा. चार माणसं खांद्याला खांदा लावून उतरतील एवढी रुंद. घोड्याचा पाय घसरत नाही, पायी माणसाला कुठं उडी मारावी लागत नाही. सगूची वाट म्हणतात हिला. आणि तुम्ही? सायकलवाल्या दादांना वळणं हवीत, घोड्यांच्या क्लबवाल्या साहेबांना मऊ माती हवी, या ताईंच्या पायी भटकणाऱ्या मंडळींना घोडाही नको नि सायकलही नको. तुम्ही आखताय त्या फिरण्याच्या वाटांच्या जाळ्यात पलीकडच्या वाडीला वाट मिळेल, म्हणून मागच्या उन्हाळ्यापासून आम्ही ऐकून घेतोय. नकाशे रंगवून झाले, चहा पिऊन झाला, कुदळ एकानं मारली नाही. माझं डोकं उठलंय आता. घाला त्या नकाशाची घडी, आणि या बाबू झोऱ्याचे चार शब्द ऐका.

फार जुनी गोष्ट, असं सांगतात. वर या सड्यावर, या सपाट माथ्यावर, आम्ही धनगर, खाली नदीकाठी गाव. मधली वाट एका पावसात दरडीखाली गेली. उरली ती कड्यातली वेलींची शिडी, तरण्याताठ्यांनीच चढावी अशी. नवी वाट सगळ्यांनी मिळून खोदायची होती. पण बैलांवर मीठ आणणाऱ्या लमाणांना ती रुंद हवी, तट्टूवाल्यांना वळणावळणाची हवी, आणि डोईवर लोणी नेणाऱ्या आमच्या लोकांना सरळ, झटपट. तीन तिघाडा, काम बिघाडा.

शेवटी देवाला कौल लावायचं ठरलं. पाषाणाला फूल चिकटवायचं, ते उजवीकडं पडलं की देवाचा होकार. पण या शहाण्यांनी विचारलं काय? ज्यानं त्यानं आपलंच विचारलं, माझी वाट चांगली का म्हणून. देव खोटं कशाला बोलेल? तिघांनाही उजवा दिला. मग काय विचारता! जो तो देवाच्या नावानं भांडायला लागला. पुन्हा बैठक, पुन्हा कौल, पुन्हा उजवा. गुरव म्हणे फुलं आणून आणून कंटाळला.

सड्यावर ठकू नावाची म्हातारी होती. सगू तिची सून, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. सुईण खाली गावात, गुडघे गेलेली. तिला शिडी चढवेना आणि सगूला उतरवेना. ठकू प्रत्येक बैठकीत जाऊन हात जोडायची. कुणाचीही वाट करा, पण माझी सून अडायच्या आत करा, म्हणायची. पंच म्हणायचे, पुढच्या बैठकीत नक्की. मला विचाराल तर त्या पंचांच्या तोंडात शेण घालायला हवं होतं. रागवू नका, पण परवा तुमच्याही तोंडून तेच ऐकलं मी.

सगू अडली. तळमळून तळमळून बाळासकट गेली.

सड्यावर नुसता कातळ. माणूस पुरायला मूठभर माती मिळत नाही, खालीच न्यावं लागतं. ठकूनं सुनेची तिरडी भरल्या बैठकीत आणून ठेवायला लावली. रडली नाही म्हणे. एवढंच विचारलं, "हिला कोणत्या वाटेनं नेऊ? तिन्ही वाटांना देवाचा उजवा आहे."

मग तीच म्हणाली, "खांदा द्या. एक लमाण, एक तट्टूवाला, एक धनगर. चौथी मी."

उचलली तिरडी. असं सांगतात, की तट्टूवाला आपल्या बाजूला ओढायला लागला की ती धोंड्यासारखी जड व्हायची. धनगर सरळ कड्याकडं निघाला, तरी तेच. चौघांनाही पाऊल टाकता येईल अशा अंगाला वळले की हलकी. पुढं लोक झुडपं तोडत, दगड बाजूला सारत. अशी ती या सोंडेवरून उतरली, आणि या सोंडेसाठी कुणी कौल लावलाच नव्हता. सगू मातीत गेली. दुसऱ्या सकाळी तिघांच्याही माणसांनी तिच्याच मागावर कुदळी चालवल्या. त्या वाटेनं सुईण पुढं कितीदा तरी वर आली. ठकूच्या घरी मात्र तिचं काही काम उरलं नव्हतं.

आजही आमच्याकडं वाटेसाठी कौल लावत नाहीत. नवी वाट काढायची तर बांबूची रिकामी तिरडी बांधतात. ज्यांचं पटत नाही त्यांनीच तिला खांदा द्यायचा, आणि ती जिथून उतरेल तिथं खुणा करायच्या. तुम्हाला अभद्र वाटेल. वाटू दे. तुमची ती फिरण्याची वाट, आमची जाण्यायेण्याची. पलीकडच्या वाडीत माझी नातसून आहे, तिला सातवा महिना लागलाय.

बांबू मी तोडून ठेवलेत. तिरडी रिकामी आहे तोवर खांदा द्या.