माईकपुढची जाळी

एकदा एका वृद्ध प्रवचनकार बुवांनी, गाव पेटायच्या बेतात असताना, आपल्या शिष्याला माईकपुढे एक जाळी नीट बसवायला सांगितली. वाचणाऱ्याला वाटेल, म्हाताऱ्याला वेळेचं भान नव्हतं. तिथे जमलेल्यांनाही तेच वाटलं.

झालं होतं असं. जत्रेत लेझमीचे दोन ताफे, वरच्या आळीचा आणि खालच्या आळीचा, अरुंद वाटेवर समोरासमोर आले. आधी कुणी बाजूला व्हायचं यावरून शब्दाने शब्द वाढला, दगड उडाले, आणि वरच्या आळीतल्या सुदामच्या डोळ्यावर एक दगड बसला. सुदाम हा बुवांच्या शिष्याचा, भानुदासचा, धाकटा भाऊ. त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं होतं. डोळा राहील की जाईल, हे डॉक्टर पट्टी सोडल्यावरच सांगणार होते. दगड खालच्या आळीतल्या महिपतीने मारला, असं वरची आळी एकमुखाने म्हणत होती. महिपतीचं आणि सुदामचं आधीपासून वाकडं होतं, आणि गर्दीला तेवढा पुरावा पुरतो.

देवळापुढे सभा भरली. त्या गावाची एक रीत होती. ज्याच्या घरी इजा झाली, त्या घरचा माणूस पहिला बोलणार; आणि तो माईकपुढे उभा असेपर्यंत कुणी मध्ये तोंड घालायचं नाही की जागचं उठायचं नाही. पुढे येईल त्या प्रत्येकाला हाच नियम. म्हणजे पहिला शब्द भानुदासचा होता. वरच्या आळीची माणसं काठ्या मांडीखाली सरकवून बसली होती, जणू त्या कुणाला दिसतच नव्हत्या. समोर महिपती आपल्या आईजवळ बसला होता. न येता तर गुन्हा कबूल केल्यासारखं झालं असतं, म्हणून आला होता. भानुदासच्या तोंडून त्याचं नाव निघालं तर तो आज धड घरी परतणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या आईला तर होतंच.

आपल्याकडे माईक समोर आला की माणूस आधी त्याच्यावर फुंकर मारतो, मग टिचकी मारतो, आणि मग तो जवळजवळ तोंडात घालून ओरडतो. देवळाच्या पायऱ्या चढून भानुदासने सुरुवात फुंकरीनेच केली. कर्ण्यातून फाडकन आवाज आला, बायका दचकल्या, आणि मागे कुणीतरी काठी बाहेर काढली.

"थांब," बुवा म्हणाले. "कर्णा बंद कर आणि ती जाळी आण."

बुवांची प्रवचनं रेकॉर्ड करण्यासाठी एका शहरी श्रोत्याने थोडं सामान पाठवलं होतं. त्यात कानाला लावायचा हेडफोन होता आणि वाकणाऱ्या दांडीवरच्या गोल कड्यात ताणलेली एक काळी जाळी होती. दुकानदार तिला पॉप फिल्टर म्हणतो. बुवा आपले जाळी म्हणत. तिचं वेष्टनही अजून फोडलं नव्हतं.

"बुवा, आत्ता?" भानुदासने विचारलं.

"आत्ताच."

अंगणात कुजबुज वाढली. "म्हातारा येळ काढतोय," कुणीतरी बुवांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालं. बुवांनी तिकडे पाहिलंही नाही. भानुदासने रागातच वेष्टन फाडलं. जाळीचा चिमटा स्टँडला लावताना स्क्रू बोटांतून निसटत होता. कशीबशी त्याने जाळी बसवली, आणि एकदाची ब्याद मिटावी म्हणून थेट माईकला चिकटवून टाकली.

"आता हेडफोन कानाला लाव," बुवा म्हणाले. "जे गावाला सांगणार आहेस, ते आधी हळू आवाजात इथे बोल."

भानुदासने ओठ जाळीला टेकवले आणि दात आवळून तो म्हणाला, "महिपतीनंच फोडला माझ्या भावाचा डोळा."

"काय ऐकू आलं?"

"काय न्हाई. नुसतं धक्कं."

"गावालाही तेच ऐकू आलं असतं. जाळी अलीकडे ओढ. माईकमध्ये आणि तिच्यात चार बोटं जागा सोड. तू स्वतः वीतभर मागे उभा राहा. आता बोल."

भानुदास मागे सरला. वीतभर अंतरावरून ओरडता येत नाही असं नाही, पण त्याने ओरडून पाहिलं नाही. तेच वाक्य तो पुन्हा बोलला. या वेळी एकेक अक्षर सुटं, स्वच्छ, त्याच्याच आवाजात त्याच्या कानावर आलं, जणू दुसराच कुणी त्याला ते सांगत होता. त्याने पुन्हा सुरुवात केली, आणि महिपतीच्या नावाशी थांबला.

"बुवा," तो अगदी हळू म्हणाला, "म्या बघितलं न्हाई. धुरळा उडाला व्हता. म्या सुदामला सावरत व्हतो."

बुवांनी मान हलवली. "लेकरा, ही जाळी शब्द अडवत नाही. तोंडातून सुटणाऱ्या वाऱ्याचा धक्का तेवढा ती अडवते, म्हणून शब्द स्पष्ट पोचतो. खरा असो, खोटा असो, दोन्ही तिच्यातून सारखेच पार होतात. तू खोटं बोलला असतास, तर तेही आज गावाला फार सुरेख ऐकू गेलं असतं. ते अडवणारं सामान कुठल्या दुकानात मिळत नाही, ते ज्याचं त्यालाच अडवावं लागतं. मी एवढंच केलं, की तुझं बोलणं गावाच्या आधी तुझ्या कानावर घातलं."

भानुदासने कर्णा सुरू केला.

"सुदामच्या डोळ्याला दगड लागलाय," तो म्हणाला. "डोळा ऱ्हाईल का जाईल, म्हाईत न्हाई. दगड कुणी मारला, त्ये म्या बघितलं न्हाई. म्हनून म्या कुनाचं नाव घेनार न्हाई. ज्यानं बघितलंय, त्यानं हितं यावं."

आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. वरच्या आळीने त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू दगड त्यानेच मारला असावा. मग त्या काठ्यांमधूनच एक जण उठला. तो भानुदासचा चुलतभाऊ दत्तू होता. दिवसभर महिपतीच्या नावाने सर्वांत मोठा गळा त्याचाच होता. काठी जागेवर ठेवून तो पायऱ्या चढला.

"दगड म्या मारला," दत्तू म्हणाला. "नेम महिपतीवर व्हता. सुदाम मधी आला."

त्या क्षणी भानुदासला दत्तूचा गळा धरावासा वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही. अंगणात दोन्ही आळ्या उभ्या राहिल्या. काठ्या वर आल्या, पण आता त्या कुणावर चालवायच्या हे कुणाला कळेना. भानुदासने स्वतःचे हात पाठीमागे घट्ट धरले आणि तो गरजला, "खाली बसा! त्यो माईकपुढं हाय. त्याचं बोलून होऊ द्या."

माणसं बसली. दत्तू रडत रडत बोलला, फार बोलला नाही. तो थांबल्यावर भानुदासने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातात माया नव्हती, अजून नव्हती.

"चल दवाखान्यात," तो म्हणाला. "सुदाम जागा हाय. हे त्याला तूच सांगायचं. म्या न्हाई सांगनार."

दोघे पायऱ्या उतरले. ज्यांनी काठ्या आणल्या होत्या, त्यांनीच सरकून वाट दिली. सभा उठली, माणसं पांगली, तरी महिपतीची आई मुलाचा दंड धरून तिथेच बसून होती. तो सोडायला तिला फार वेळ लागला.