चिमूटभर हिंग

"घरात गव्हाचा कण उरलेला नाही, बाबा. मग आता पोरगी का जेवत नाही?"

योनाथान मास्तरांनी एलियाबाबांना विचारलं. बाबा मास्तरांच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून पाटावर बसले होते आणि सोललेल्या बटाट्यांकडे पाहत होते.

बाबा म्हणजे डोंगरावरच्या जुन्या प्रार्थनाघरामागे राहणारे ख्रिस्ती साधू. अंगात भगवी कफनी, तोंडात मोजके शब्द. डोंगर सहसा उतरायचे नाहीत. आज उतरले, कारण योनाथान अमोलिक मास्तर रडत वर गेले होते, आणि मास्तरांना रडताना गावात कुणी कधी पाहिलं नव्हतं.

मास्तर मिशनच्या शाळेचे हेडमास्तर. त्यांची नुसती चाहूल लागली तरी खोटं बोलणाऱ्या पोराला घाम फुटायचा. बाबांचे पट्टशिष्यही तेच. निदान ते स्वतः तसं सांगायचे.

"माळ्यावरचा पोळपाट काढून जाळला," मास्तर म्हणाले. "चाळण्या, लाटणं, पिठाचे जुने डबे... सगळं गेलं."

"हं."

"हिंगाची डबीसुद्धा..."



सगळं झालं होतं ते त्या डबीपायीच.

मास्तरांची रिबका अकरा वर्षांची. आई देवाघरी गेलेली, घरात बापलेक दोघंच. पोरीला गहू सोसत नाही, कणभर गेला तरी आतडी खराब होतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवसापासून मास्तरांनी घरातली पोळी बंद केली, अगदी स्वतःचीसुद्धा. पोरीवर त्यांचा जीव होता, यात खोट नाही.

रिबकाला शेफर्ड्स पाय फार आवडायचा. मिशनच्या मडमांच्या काळापासून त्या आवारात नाताळला होत आलेला पदार्थ. खाली मटणाचा खिमा, वर लोणी घालून कुस्करलेल्या बटाट्यांचा जाड थर, आणि सगळं ओव्हनमध्ये खरपूस भाजायचं. खिम्याचा रस दाट करायला मैदा लागतो. मास्तरांनी तिथे तांदळाचं पीठ लावलं. सॉसच्या बाटलीवरची बारीक अक्षरं भिंग घेऊन वाचली आणि बाटली दुकानदाराला परत केली. आणि पोरीचं पोट नाजूक, म्हणून या खिम्यात काय, रोजच्या डाळीभाजीत काय, फोडणीत चिमूटभर हिंग टाकला.

हिंगाच्या डबीवरची अक्षरं कोण वाचतं? डबीतल्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

पोट दुखलं की मास्तर हिंग वाढवायचे. हिंग वाढला की पोट आणखी दुखायचं. पोरगी वाळत चालली.

मास्तरांना एकच उत्तर सुचलं. ही चोरून खाते.

"बिस्किटं खाल्लीस?"

"नाही, पप्पा. शप्पथ."

"खरं सांगेपर्यंत या उंबऱ्यावरून हलायचं नाही."

ती उभी राहिली. मास्तरांनी जेवण उरकलं, पोरांचे पेपर तपासले. ती उभीच. पाय लटपटायला लागले तेव्हा कुठे ती म्हणाली, "हो, पप्पा. खाल्ली."

मास्तरांनी तिला पोटाशी धरलं. खरं बोलल्याचं बक्षीस म्हणून ओव्हनमधल्या ताटातला सगळ्यात मोठा तुकडा तिला वाढला. हिंगासकट. दुसऱ्या दिवशी डोंगर चढून बाबांना सांगून आले, पोरीनं कबूल केलं, देवाची कृपा. असा हा शहाणा बाप!

पुढे ती शाळेत कोसळली. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी स्वयंपाकघरातला एकेक डबा मागवून पाहिला, तेव्हा डबी सापडली. पोरगी वाचली. पण हाडं ठिसूळ झाली आहेत, खुंटलेली उंची भरून येईलच असं नाही, असं बाई म्हणाल्या.

घरी आल्यापासून रिबका फक्त सालीतलं खायची. केळं. उकडलेलं अंडं, तेही स्वतः सोलून. ज्याच्या आत कुणाचा हात गेलेला नाही तेवढंच. त्यावर जीव कसाबसा टिकत होता, अंगावर मात्र काही धरत नव्हतं.

"आज तुमच्यासमोर करतो," मास्तर म्हणाले. "तुम्ही साक्षीदार. पहिला घास तुम्ही घ्या. मग ती खाईल."

बाबा पाहत राहिले.

मास्तरांनी नव्या पातेल्यात कांदा परतला, खिमा टाकला, गाजर टाकलं, मटार टाकले. तांदूळ त्यांनी घरीच धुऊन, वाळवून, नव्या मिक्सरवर दळला होता. गिरणीच्या जात्यावर आता त्यांचा भरवसा नव्हता. बटाटे कुस्करून थर लावला आणि काट्यानं वर रेघा ओढल्या, रिबकाची आई ओढायची तशा. रेघा सरळ आल्या. मास्तर क्षणभर त्या रेघांकडे समाधानानं बघत राहिले.

ओव्हन उघडला तेव्हा घरभर वास सुटला. आतल्या खोलीचं दार बंदच राहिलं.

मास्तरांनी स्टीलच्या ताटलीत वाफाळता तुकडा घेतला. दार उघडलंच तर आतल्या पोरीलाही दिसावं म्हणून ते ताटली घेऊन उंबऱ्यात उभे राहिले.

"घ्या, बाबा."

बाबांनी हात पुढे केला नाही.

"यात गहू नाही."

"कशावरून?"

"तुमच्या डोळ्यांदेखत केलं ना सगळं!"

"म्हातारे डोळे आहेत."

"माझा शब्द आहे, बाबा. शपथेवर सांगतो."

"शपथ..." बाबा म्हणाले.

मास्तरांचा चेहरा उतरला. आपण नेमके कोणत्या उंबऱ्यावर उभे आहोत, हे त्यांना तेव्हा दिसलं. ताटली चटके देत होती. ती खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही.

आतलं दार उघडलं. रिबका बाहेर आली. फ्रॉक अंगावर नुसता लोंबत होता. तिनं टोपलीतून एक केळं घेतलं आणि परत निघाली. बापाजवळ पोचल्यावर थांबली. ताटलीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं ते त्यांच्या पायांकडे.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "मी जेवले म्हणून सांगा बाबांना. मी हो म्हणेन."

मग ती आत गेली. दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज आला.

मास्तरांना हुंदका फुटला. दोन्ही हातांत ताटली होती, डोळे पुसता येईनात.

"बाबा... तिचा विश्वास बसेपर्यंत मी असा किती वेळ उभा राहू?"

बाबा पाटावरून उठले. झोळी खांद्याला लावली. मास्तरांच्या अंगावरून पुढे होऊन बाहेरच्या दाराशी थांबले आणि त्या बंद खोलीकडे वळून पाहिलं.

"तिला विचार, योनाथान. उभं राहून राहून माणूस केव्हा खोटं बोलायला लागतं, ते या घरात तिलाच ठाऊक आहे."