काडीत जागा शिल्लक नाही

एकदा एका वृद्धनिवासातला टीव्ही नेमका नको त्या दिवशी अडला. रविवार होता. चार वाजता राज्य खो-खो स्पर्धेचा अंतिम सामना सुरू होणार होता आणि तिथे राहणाऱ्या तात्या मगदूमांची नात समृद्धी पहिल्यांदाच अंतिम सामन्यात उतरणार होती. तात्या जेवणानंतर आडवेही झाले नव्हते. इस्त्रीचा सदरा घालून ते हॉलमधल्या पहिल्या खुर्चीवर येऊन बसले होते. सामना इंटरनेटवरून दाखवणार होते, आणि त्यासाठी टीव्हीच्या मागे खोचलेली बोटभर लांबीची काडी चालायला हवी होती.

काडी चालत नव्हती. रिमोटचे बटण दाबले की पडद्यावर गोल चक्र फिरत राही आणि मग अक्षरे उमटत : जागा शिल्लक नाही.

निवासाचा व्यवस्थापक दिगंबर खानापुरे याने ती तीनदा काढून परत लावली. वेग वाढवणारे म्हणून एक ॲप त्याने आदल्या आठवड्यात घातले होते, त्याने तर उरलीसुरली जागाही खाल्ली होती. खरा उपाय त्याला ठाऊक होता. काडीत आणखी चौदा ॲप होती, त्यांतली दहा-बारा पुसली की काम झाले असते. पण ती चौदा जणांच्या मुलांनी घालून दिलेली होती. बहुतेकांनी आईवडिलांना इथे सोडले त्याच दिवशी. मागे दिगंबरने त्या चौदांतल्या पेठकरांचे ॲप न विचारता पुसले, तेव्हा पेठकर दोन दिवस जेवले नव्हते. शेवटी ते परत घालावे लागले होते.

तो केळुस्करबाईंच्या खोलीकडे धावला. त्या त्याच्या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षिका. आता त्या इथेच राहत होत्या, आणि चाळिशी गाठलेला दिगंबर अजूनही त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नसे.

“बाई, सगळं एकदम पुसून टाकू का? नंतर काय व्हायचं ते होईल.”

“किती वाजलेत?”

“पावणेतीन.”

“मग वेळ आहे. रिमोट दे.”

हॉलमध्ये येऊन बाईंनी एकही बटण दाबले नाही. त्यांनी रिमोट सरळ पेठकरांच्या हातात दिला. “पेठकर, तुमचं ॲप उघडा बघू. आम्हालाही दाखवा त्यात काय आहे ते.”

“बाई, आत्ता?” दिगंबर कळवळून म्हणाला. पेठकरांनी बटण दाबले.

चक्र चार मिनिटे फिरले. मग पडद्याने पासवर्ड मागितला. पेठकरांना तो माहीत नव्हता. त्यांनी मुलाला फोन लावला. कमी ऐकू येत असल्यामुळे ते नेहमी स्पीकरवरच बोलत.

“कुठलं ॲप, बाबा?”

“तू घातलेलं. टीव्हीवर. मला सोडायला आलास तेव्हा.”

“अच्छा, ते! ते तर मी दोन वर्षांपूर्वीच बंद केलं. काढून टाका की. बाकी तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे,” पेठकर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दिगंबरने हलकेच रिमोटसाठी हात पुढे केला. पेठकर म्हणाले, “नको. मीच पुसतो. कुठलं बटण?”

मग रिमोट फिरू लागला. एकाला आपले ॲप कोणते तेच ओळखता येईना, ते तसेच राहिले. एकीच्या ॲपमध्ये सगळे परदेशी भाषेत होते. ती स्वतःशीच हसली आणि तिने ते काढले. लीलावतीबाई शहांच्या ॲपवर जुनी नाटके होती, त्या रोज दुपारी पाहत, ते राहिले. दोघांनी रिमोट हातात घेतला, क्षणभर धरला आणि न उघडताच पुढे दिला. इकडे घड्याळ पुढे सरकत होते. तात्या उठत, दारापर्यंत जात, परत येऊन बसत.

दहा ॲप गेली तेव्हा चार वाजून सात मिनिटे झाली होती. “आणि हे तुझं,” म्हणत बाईंनी वेग वाढवणारे ॲप दिगंबरलाच पुसायला लावले. त्याने साठलेला तात्पुरता डेटा साफ केला, काडीची वायर काढली, मिनिटभर थांबून परत लावली. चित्र आले, स्वच्छ आणि न अडखळता. निवेदक सांगत होता की समृद्धी मगदूम दोन मिनिटे दहा सेकंद पळून नुकतीच बाद झाली.

“गेलं माझं,” तात्या म्हणाले.

“माझ्यामुळे गेलं, तात्या,” बाई म्हणाल्या. तात्यांनी त्यांच्याकडे पाहिले नाही.

मध्यंतरात दिगंबर बाईंना व्हरांड्यात घेऊन गेला. त्याचा आवाज चढला होता. “मी पुसलं असतं तर तीनलाच टीव्ही सुरू झाला असता. तात्यांना ती दिसली असती.”

“दिसली असती. त्यांचं नुकसान झालं, ते मी नाकारत नाही. पण दिगंबर, तू पुसलं असतंस तर पेठकरांच्या लेखी तू त्यांचा मुलगा पुसला असतास. बंद वस्तूत माणसाला हवं ते दिसतं. त्यांनी ती स्वतः उघडली, आत काय उरलंय ते पाहिलं. मग सोडून द्या असं त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. दुसऱ्याच्या मुठीतलं काढून घेता येतं, पण मूठ त्याची त्यानंच उघडावी लागते.”

“दुखलं त्यांना.”

“हो. मलाही ते पाहवलं नाही.”

“आणि ती दोन न उघडलेली?”

“राहू देत. जागा पुरेशी झाली ना?”

दुसऱ्या डावात समृद्धी पुन्हा मैदानात आली. तात्या उभे राहिले, मग एकेक करून सगळेच उभे राहिले. तिने खांबाला वळसा घालून दोघींना चकवले तशी पेठकरांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर घेतला. मुलगा होता. “मॅच चालू आहे रे. संपली की मीच करतो,” असे म्हणून त्यांनी तो बंद केला आणि ओरडले, “पळ गं पोरी, पळ!”

ती तीन मिनिटे पळली. तिचा संघ दोन गुणांनी जिंकला. तात्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले आणि केळुस्करबाईंना नमस्कार केला.

चहाची वेळ झाली होती. पेठकर मात्र व्हरांड्यात फोनवर बोलत होते. समृद्धीने खांबापाशी कसे चकवले ते हातवारे करून सांगत होते. दिगंबर चहाची घंटा वाजवायला घंटेपाशी गेला, त्याने त्यांच्याकडे पाहिले, आणि त्यांचे बोलणे संपेपर्यंत तो तसाच उभा राहिला.