चंद्राक्काची बिनरिठ्याची शिकेकाई

एका गावात, जिथं शुक्रवार हा बायकांचा डोकं धुवायचा वार होता, तिथं चंद्राक्का नावाची एक बाई राहायची. एकटीच. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं. पण तिची शिकेकाई अशी, की विचारू नका! शेंगा, रिठे, आवळकाठी, नागरमोथा सगळं कडकडीत उन्हात वाळवायचं, उखळात कुटायचं, कापडातून चाळायचं. शुक्रवारी सकाळी चुलीवर भलंमोठं पातेलं चढलं की अर्धं गाव तिच्या अंगणात जमायचं. कुणी वेणी सोडतंय, कुणी तेल चोळतंय, कुणी सासूच्या कागाळ्या सांगतंय. चंद्राक्काला त्या दिवशी श्वास घ्यायला फुरसत नसायची, आणि तेच तिला आवडायचं.

मग वाण्याच्या दुकानात शाम्पूच्या पुड्यांची माळ लटकली. बायका एकेक करून कमी होऊ लागल्या. चंद्राक्का धास्तावली. उरल्यासुरल्यांना धरून ठेवायला ती काय वाट्टेल ते करू लागली. पाटलीणबाई म्हणाल्या, "अगं चंद्रे, डोळ्यांना किती झोंबते गं तुझी शिकेकाई!" झालं, हिनं रिठे निम्मे केले. मास्तरीणबाई म्हणाल्या, "केस फार कोरडे पडतात बाई." हिनं उरलेले रिठेही जवळजवळ बंद केले आणि मेथ्या वाढवल्या. कुणी म्हणालं, पुडीसारखा वास नाही येत. हिनं गव्हला, कचोरा, गुलाबाच्या पाकळ्या, जे मिळेल ते घातलं. वास असा सुटला, की रस्त्यानं जाणारा माणूस थबकायचा.

बायका मात्र येईनात. एका शुक्रवारी पातेलं उकळलं, निवलं, तरी कुणाचा पत्ता नाही. चंद्राक्कानं ते पाणी जास्वंदीच्या मुळाशी ओतलं आणि पदरात तोंड खुपसून पोटभर रडली.

त्याच सुमारास शेजारच्या घरात नवी सून आली. तुळसा तिचं नाव. गुडघ्यापर्यंत केस! पहिल्याच शुक्रवारी ती दारात उभी. "आक्का, मला द्याल का शिकेकाई?"

द्याल का! चंद्राक्काला आभाळ ठेंगणं झालं. तिनं स्वतःच्या हातानं तुळसाला न्हाऊ घातलं.

"कसे झाले गं केस?"

"छान झाले आक्का. अगदी छान."

त्या दोन शब्दांवर चंद्राक्काचे सहा दिवस निघायचे. शुक्रवार आला, की तुळसा यायची, माहेरच्या गोष्टी सांगायची, "छान झाले" म्हणायची नि जायची.

एकदा तुळसा आपली फणी विसरली. ती द्यायला चंद्राक्का तिच्या परसात गेली आणि जागच्या जागी थिजली. धुण्याच्या दगडाशी बसून तुळसा पुन्हा केस धूत होती. डोक्यावर पांढराशुभ्र फेस, आणि बाजूला शाम्पूची फाडलेली पुडी.

चंद्राक्का आवाज न करता माघारी फिरली. घरी येऊन फणी हातात धरून नुसती बसून राहिली. विचारावं का? विचारलं, तर पोरगी ओशाळेल, यायची बंद होईल. मग आपल्याशी बोलायला राहिलं कोण? त्यापेक्षा पाहिलंच नाही असं समजावं.

तिनं तसंच केलं, आणि तिथंच सगळं बिघडलं. तुळसा यायची, बोलायची, हसायची. पण "छान झाले" म्हणाली, की चंद्राक्काच्या काळजात कळ यायची. पूर्वी घरात कुणी नसताना वाटायचं नाही, एवढं एकटं तिला आता तुळसा समोर बसलेली असताना वाटू लागलं.

थंडी पडली. एवढे लांब केस एका दिवसात दोनदा भिजवायचे, मग ते वाळणार कधी? तुळसा शिंकू लागली, खोकू लागली. एके दिवशी तिची सासू सांगत आली, की सुनेला सणकून ताप भरलाय. चंद्राक्काला राहवेना. ती तडक जाऊन तुळसाच्या उशाशी बसली.

"पोरी, माझ्याकडे न्हायला येऊ नकोस आता. तू घरी जाऊन पुन्हा धुतेस, ते मी पाहिलंय."

तुळसाचा चेहरा पांढराफटक पडला. मग ती रडायलाच लागली. "काय करू आक्का? वास छान येतो हो, पण तेल निघतच नाही. केस चिकटच राहतात."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तुम्ही एवढ्या आशेनं विचारता. आणि मलाही इथं तुमच्याशिवाय कोण आहे? खरं बोलले नि तुम्ही रागावलात, तर?"

चंद्राक्काला राग आला होता, नाही कसा? एवढ्या वर्षांची आपली शिकेकाई, आणि केस चिकट! पण घरी येऊन तिनं चिमूटभर पूड तळहातावर ओली करून चोळली. फेस यायला हवा, तिथं नुसता बुळबुळीत लगदा झाला. तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई, जो मळ काढतो तो रिठाच मी काढून टाकला! सगळ्यांची मनं राखता राखता उरलं काय, तर सुगंधी पाणी!"

तुळसा बरी झाल्यावर चंद्राक्कानं तिला बोलावलं. या खेपेला रिठे रात्रभर भिजवले होते, शेंगांबरोबर उकळून, कुस्करून, फडक्यातून गाळले होते.

"डोळे घट्ट मीट. झोंबेल. आणि आदल्या दिवशी तेल बेतानं लावत जा, थबथबून नको."

"आई गं! झोंबतंय आक्का!"

"झोंबू दे."

दोनदा पाणी घातलं. चंद्राक्कानं केसांतून बोटं फिरवली, तर करकर वाजले. मग घाबरत घाबरत विचारलं, "आता खरं सांग."

तुळसानं केस चाचपले. "तेल गेलं की! पण फेस काही पुडीएवढा नाही आला. आणि टोकं जरा कोरडी झालीत."

चंद्राक्कानं ऐकून घेतलं. या वेळी तिनं एकही रिठा कमी केला नाही.

बाकी बायका काही परत आल्या नाहीत. तुळसा यायची, तीसुद्धा दर शुक्रवारी नाही. एकदा कुंपणावरूनच ओरडून म्हणाली, "आक्का, आज येत नाही हं! डोळे झोंबवून घ्यायचा कंटाळा आलाय. पुडीनंच धुते!"

चंद्राक्का खो खो हसली. "धू बाई धू! एकदाच धू म्हणजे झालं!"

मग ती आत गेली, स्वतःपुरती भाकरी थापली आणि एकटीच जेवायला बसली. घर तेवढंच रिकामं होतं. पण जेवण आज घशाखाली सुखानं उतरलं.

तात्पर्य: माणूस हातचा जाईल या भीतीनं जो सगळ्यांच्या मनासारखं करतो, त्याच्या कामातला कसही जातो नि माणसंही जातात. आपल्याला खरं सांगायला जो भीत नाही, तो रोज नाही आला तरी आपलाच असतो.