अर्धा सेट

"पण सेट घेऊ कोणता, उस्ताद? तेवढंच सांगा."

आनंदा नलवडेनं पुन्हा विचारलं.

गुलाब मिस्त्री रॉकेलच्या थाळीत डाय बुडवून जुन्या टूथब्रशनं घासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कशाला पाहिजे?"

"आटे पाडायला."

"ते कळलं..."

ब्रश चालत राहिला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुन्या पिढीतले कितीतरी फिटर गुलाब मिस्त्रींच्या हाताखाली तयार झाले. आता ते ऐंशीला टेकले होते. एका डोळ्यानं दिसायचं बंद झालं होतं, दुसरा अंधुक होता. कामं घेणं त्यांनी सोडून दिलं होतं. तरी रोज सकाळी पत्र्याच्या शेडचं दार उघडून स्टुलावर येऊन बसायचे.

आनंदा त्यांचा सगळ्यांत हुशार शिष्य. गर्वही त्यालाच जास्त. एका मोठ्या कारखान्यात तो टूलरूमचा प्रमुख होऊन निवृत्त झाला. तिथं त्याला सगळे नलवडेसाहेब म्हणायचे. इथं तो आनंदाच होता.

निवृत्तीनंतर त्यानं घरामागं छोटी शेड बांधली होती. काम घट्ट धरणारा वाइस बसवला, ड्रिल मशीन आणलं. राहिले होते टॅप आणि डाय. सळईवर बाहेरून आटे पाडायचे ते डायनं, की बोल्ट तयार होतो. भोकात आतून पाडायचे ते टॅपनं. ही दोन हत्यारं नसतील तर घरची कार्यशाळा म्हणजे नुसता पसारा.

"मिलिमीटरचा घेऊ की इंचाचा?" आनंदा म्हणाला. "जुनी यंत्रं सगळी इंचातली. नवीन सगळं मिलिमीटरमध्ये. नळाचे आटे आणखी वेगळे. साध्या पोलादाचा लवकर बोथट होतो, म्हणून हायस्पीड पोलादाचाच घ्यावा म्हणतो. आणि घ्यायचा तर पुरा घ्यावा. सगळी मापं."

"सगळी?"

"सगळी. पुन्हा कुणाच्या दारात जायला नको."

ब्रश थांबला.

"कुणाच्या दारात गेलतास?"

आनंदानं जे सांगितलं, ते त्यानं घरी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

कारखान्यात हत्यार पाहिजे असेल तर स्टोअरच्या खिडकीत पितळी टोकन टाकावं लागे. टोकन टाका, हत्यार घ्या. हत्यार परत द्या, टोकन घ्या. प्रमुख झाल्यावरही आनंदानं हा नियम कधी मोडला नाही. निवृत्तीच्या दिवशी त्याचं एक टोकन कमी भरलं, म्हणजे एक हत्यार त्याच्याकडंच राहिलं असं ठरलं. स्टोअरमधल्या नव्या माणसानं आनंदाला पिशवी उघडून दाखवायला लावली. गळ्यात हार होता. हाताखालची माणसं बघत होती. पिशवीत डबा निघाला, चष्म्याचं घर निघालं, निरोपाला मिळालेली शाल निघाली.

"आणि टोकन?"

"त्याच्याच ड्रॉवरमध्ये सापडलं. मागाहून."

"मग?"

"मग काही नाही. चहा झाला, फोटो झाला..."

गुलाब मिस्त्रींनी हात पुसले. भिंत चाचपत ते आतल्या फळीपाशी गेले आणि एक लाकडी पेटी उराशी धरून घेऊन आले. आनंदा ती पेटी ओळखत होता. शिकाऊ असताना तिला हात लावायची त्याला परवानगी नव्हती.

उस्तादांनी झाकण उघडलं. एका बाजूला डाय, एका बाजूला टॅप. प्रत्येकाला आपापलं घर. तेलाचा हात फिरलेला.

"पदर पसर."

"उस्ताद?"

"रुमाल हाय न्हवं तुझ्याकडं? पसर."

आनंदानं रुमाल पसरला. उस्तादांनी एकेक डाय बोटांनी ओळखून रुमालात ठेवली. मग डाय धरायचा दांडा ठेवला. ही पेटी आपल्याला मिळेल असं आनंदाच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं.

मग उस्तादांनी झाकण लावलं.

"आणि टॅप?" आनंदा म्हणाला.

"ते इथं राहतील."

"म्हणजे... अर्धाच सेट?"

"अर्धाच."

"उस्ताद, अर्ध्या सेटचं मी करू काय?"

"बोल्ट कर. भोकात आटे पाडायचे असले की इथं यायचं. बाजारातनं टॅप घ्यायचा न्हाई."

"किती दिवस?"

"मी हाय तोवर."

आनंदाच्या कानशिलात रक्त चढलं. जे मन मोकळं करून सांगितलं, त्याचंच हे उत्तर होतं की काय?

"मग हे पुन्हा टोकनच झालं की."

"टोकन कोण मागतंय? तू ये म्हणजे झालं."

गुरूचा शब्द. मोडता येत नव्हता आणि गिळताही येत नव्हता. आनंदा रुमालाची गाठ मारून घरी आला.

पुढचे कित्येक दिवस तो शेडमध्ये बोल्ट करत बसला. उस्तादांच्या डाय अजून पाजळलेल्या होत्या. आटे असे पडत की बोट फिरवावंसं वाटे. त्यानं लहान केले, मोठे केले, आखूड केले, लांब केले. फळीवर ओळीनं मांडले. शेडमध्ये कुणी येत नव्हतं आणि तो कुणाकडं जात नव्हता.

एके दिवशी त्याची बायको अक्काताई चहा घेऊन आली. फळीकडं बघून म्हणाली,

"बोल्टांचं लोणचं घालू का यंदा?"

आनंदा हसला नाही.

"घालते. पण आधी मालूताईचं काय ते बघा. बाहेर उभी आहे."

मालूताई पोवार गल्लीच्या टोकाला राहायची. उन्हाळ्यात शेवया करून द्यायचा तिचा धंदा. भल्या सकाळपासून बायका पिठाचे डबे घेऊन तिच्या दारात बसत. त्या चार आठवड्यांवर तिचं अर्धं वर्ष निघे. आणि ऐन हंगामात यंत्र बंद पडलं होतं. जाळी धरून ठेवणारा बोल्ट निसटत होता. दाब आला की जाळी खाली.

"नलवडेसाहेब, नवीन बोल्ट घालून बघितला," ती दारातूनच म्हणाली. "तोही धरत नाही. दुकानदार म्हणतो, टाकून द्या आता. डबे भरून लोकांची पिठं पडून आहेत माझ्याकडं..."

आनंदानं यंत्र उजेडात धरून बघितलं. बोल्टचा दोष नव्हता. बिडाच्या अंगातल्या भोकाचेच आटे झिजून सपाट झाले होते. भोक थोडं मोठं करायचं, आत नवीन आटे पाडायचे, त्या मापाचा बोल्ट करायचा. अवघड काम नव्हतं. फक्त टॅप पाहिजे होता.

त्यानं यंत्र खाली ठेवलं.

"होईल का हो?"

"होईल," तो म्हणाला. "पण... माझ्याकडं होणार नाही. एकांकडं जावं लागेल."

असं वाक्य त्याच्या तोंडून बऱ्याच वर्षांत निघालं नव्हतं. मालूताईला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"चालंल की," ती म्हणाली. "न्या."

त्यानं भोक मोठं करून घेतलं, बोल्ट केला, यंत्र पोत्यात गुंडाळलं आणि उद्यमनगर गाठलं.

गुलाब मिस्त्रींनी काही विचारलं नाही. टॅप काढून दिला. यंत्राचं अंग वेडंवाकडं, वाइसमध्ये नीट बसेना. लाकडाचे तुकडे लावून बघितले, फडकं लावून बघितलं. जरा जोर दिला की यंत्र फिरे. टॅप तिरका गेला तर भोक वाया, मोडला तर यंत्रच वाया.

"आण इकडं."

उस्ताद स्टुलावर सरसावून बसले. त्यांनी यंत्र मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट कवटाळलं आणि भिंतीला पाठ लावली.

"चालव."

"उस्ताद, तुम्हाला लागेल."

"चालव म्हणतो न्हवं..."

आनंदा त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला. टॅप भोकावर उभा धरला, काटकोनाचा गुण्या लावून सरळ केला आणि फिरवला. अर्धा वेढा पुढं, थोडा मागं. बिडाला तेल लागत नाही. काळा भुगा उस्तादांच्या पांढऱ्या लेंग्यावर पडू लागला. प्रत्येक वेढ्याला उस्तादांचं अंग हलत होतं, पण यंत्र हलत नव्हतं. त्यांचा श्वास आनंदाच्या कपाळाला लागत होता. नलवडेसाहेबांसमोर कारखान्यात माणसं उभी राहत, दार उघडून धरत, नकाशे धरत. पण आपलं काम असं पोटाशी धरून कुणी बसलं होतं, असं त्याला काही केल्या आठवेना.

अर्धा वेढा पुढं. थोडा मागं.

टॅप बाहेर आला. बोल्ट आत गेला. घट्ट बसला.

आनंदानं लेंग्यावरचा भुगा हातानं झटकला. तो जाईना, तेव्हा वाकून फुंकला.

त्या संध्याकाळी मालूताईचं यंत्र चालू झालं. दुसऱ्या दिवशी ती ताटभर शेवया घेऊन आली. वर रुमाल झाकलेला.

"भाऊ, घ्या," ती म्हणाली. "पहिला घाणा तुमचा."

आनंदानं ताट हातात घेतलं. कारखान्यात त्याच्या हातून हजारो कामं गेली होती. काम पुढच्या खात्यात जाई. ते कुणाच्या घरी पोचलं, कुणाला त्याचा उपयोग झाला, कधी कळलं नव्हतं.

निम्म्या शेवया तो उस्तादांकडं घेऊन गेला.

नंतर गल्लीतली माणसं येऊ लागली. कुणाच्या हातगाडीचा आस सैल झालेला, कुणाच्या झोपाळ्याचा आकडा, कुणाच्या जुन्या शिलाई मशीनचा पाय. आनंदा त्यांना बसवून घेई, चहा देई. जे डायनं होई ते घरी करी. भोकात आटे पाडायचे असले की सरळ सांगे, "हे माझ्याकडं होत नाही, उस्तादांकडं घेऊन जातो." सांगताना जीभ अडखळेनाशी झाली. पुढं पुढं तर काम देणारी माणसंच त्याच्याबरोबर उद्यमनगरात येऊ लागली. मालूताईनं उस्तादांच्या शेडमध्ये बसायला दोन गोणपाटं आणून टाकली. दुपारी तिथं चार माणसं बोलत बसलेली असत, आणि गुलाब मिस्त्री मधेच हसत. हसताना त्यांचा दिसणारा डोळाही मिटे.

अक्काताईनं एक दिवस फळीवरचे बोल्ट मोजायला घेतले आणि सोडून दिले. निम्मे कुठं कुठं बसून गेले होते.

दिवाळीच्या आधी एका सकाळी आनंदा उस्तादांकडं आला तेव्हा त्याच्या हातात काही नव्हतं.

"आज काय मोडलंय?"

"काही नाही."

"मग?"

"असाच आलो."

उस्तादांनी स्टूल त्याच्याकडं सरकवलं आणि आपण गोणपाटावर बसले. आनंदा स्टुलावर बसला नाही. खाली, त्यांच्या शेजारी बसला. रस्त्यावर कुठंतरी लोखंड कापल्याचा आवाज येत होता. तो थांबला, पुन्हा सुरू झाला.

आनंदा म्हणाला,

"उस्ताद... तुमचे उपकार कसे फेडू?"

गुलाब मिस्त्रींनी त्याचा हात चाचपून हातात घेतला. तळव्यावरच्या घट्ट्यांवरून अंगठा फिरवत राहिले.

"नको फेडू, आनंदा... फिटलं की येणं थांबतं."