बिनपावसाचा नाला

दुपारचे तीन वाजले होते. रंगाच्या कारखान्यामागे, पावसाळी नाल्यावर कडक ऊन होतं.

पाण्याचा नमुना घ्यायला आलेल्या प्रदूषण खात्याच्या तपासनीस वैजयंती तांडेल यांना मॅनेजर धारपांनी फाटकातच अडवलं. "मॅडम, पावसाळी नाल्याचा नमुना पाऊस पडतानाच घ्यायचा, हा नियम तुमचाच. आज आभाळात एक ढग तरी दाखवा."

तांडेलबाईंना भिंतीपलीकडून खळखळ ऐकू येत होती. खालच्या पाड्याची विहीर उगाच लाल झालेली नव्हती.

"म्हणजे पाऊस नाही, हे नक्की?"

"अगदी नक्की."

"मग पलीकडे वाहतंय ते पावसाचं पाणी नाही. सांडपाण्याचा नमुना घ्यायला मला ढग लागत नाही, साहेब. फाटक उघडा."

बाटलीत लालभडक पाणी आलं. नाला आजही उन्हात वाहतो. त्यात पाणी सोडतं कोण, हे कारखान्याने अजून सांगितलेलं नाही.